साथीदाराशी वागणं आणि मनापासूनची दाद: बैठकीआधीपासून दुसऱ्या दिवसापर्यंत

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींच्या मनात एकमेकांबद्दल आदर असतो. तो कधी, कुठे आणि कुठल्या शब्दांत पोचवायचा, याचा क्रम मात्र वारंवार चुकतो. तबल्याच्या साथीला बोलावलेल्या माणसाला आपला सूर सांगायचा राहून जातो आणि मंचावर त्याची ओळख ‘सुप्रसिद्ध, नामवंत’ अशा विशेषणांनी करून दिली जाते. बैठक संपल्यावर ‘मस्त झालं हं’ एवढंच म्हणून सहकलाकार निघून जातात आणि चुका मात्र चारचौघांत बारकाईने सांगतात. ज्याला कौतुक ऐकायचं होतं त्याच्या हाती काहीच लागत नाही.

घरगुती बैठक, गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, दिवाळी पहाट, संगीत मंडळाची मासिक सभा असे कार्यक्रम करणाऱ्यांसाठी हे टप्पे लिहिले आहेत. उदाहरणं ख्यालाच्या बैठकीतली आहेत, कारण गाणारा, तबला, पेटी आणि तंबोरे यांचं एकमेकांवर अवलंबून असणं तिथे सगळ्यात उघडपणे दिसतं. भजन, नाट्यसंगीत किंवा वाद्यवादनाच्या मंडळींनी आपापल्या रिवाजाप्रमाणे बदल करावा. क्रम मात्र शक्यतो हाच ठेवा. पहिले दोन टप्पे गाळले तर पुढची दाद पोकळ वाटते.

टप्पा १: साथीला बोलावताना, फोनवरच

साथीदाराचा मान राखायची सुरुवात त्याला पुरेशी माहिती देण्यापासून होते. तुमचा सूर (पेटीच्या कुठल्या पट्टीला तुमचा षड्ज आहे ते) माहीत नसेल तर तो घरून कुठला तबला उचलणार? काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या ताईंसाठी मोठ्या तोंडाचा, ढाला (खालच्या सुराचा) तबला लागतो. काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गाणाऱ्या बुवांसाठी लहान तोंडाचा, टिपेचा तबला लागतो. एकच तबला थोडाफार वर-खाली करता येतो. त्यापलीकडे चढवला तर पुडीवर (तबल्याच्या कातड्यावर) ताण येतो, आणि फार उतरवला तर आवाजातली आस (नाद टिकून राहणं) जाते. ‘आल्यावर बघू’ असं सांगून त्याला चुकीचा तबला घेऊन यायला लावलंत, तर तो संध्याकाळभर आपल्याच वाद्याशी झगडत बसतो.

फोनवर सांगायच्या गोष्टी:

१. ठिकाण, तारीख, पोचायची वेळ आणि कार्यक्रम सुरू होण्याची वेळ. या दोन वेळा वेगळ्या सांगा.
२. तुमचा सूर.
३. राग, विलंबिताचा (संथ लयीतल्या गाण्याचा) ताल आणि साधारण लय. ‘विलंबित’ एवढंच पुरत नाही. एकताल, झुमरा, तिलवाडा की तीनताल, ते सांगा.
४. पुढे ठुमरी, नाट्यपद, अभंग आहे का. लग्गीची (ठुमरीत तबल्यावर जलद वाजवायच्या बोलांची) तयारी आणि अभंगाचा ठेका हे वेगवेगळे हात आहेत.
५. सोबत आणखी कोण आहे.
६. बिदागी किती, आणि प्रवासखर्च त्यातच धरला आहे की वेगळा.

सहाव्या मुद्द्याशी लोक अडखळतात. ‘घरचाच कार्यक्रम आहे हो’ असं म्हटलं की समोरच्याला विचारता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. पैसे देता येणार नसतील तर तेही आधीच, सरळ सांगा. अनेक जण आनंदाने विनामूल्य येतात, पण तो निर्णय त्यांचा असावा.

बोलणं साधारण असं होऊ द्या:

“दादा, नमस्कार. येत्या शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाला माझं गाणं आहे. तुम्ही पाचला पोचलात तर निवांत लावून होईल. माझी काळी चार. पूरिया गाईन, विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल, शेवटी एक अभंग. मंडळाने साथीसाठी एवढी एवढी रक्कम ठेवलीय, गाडीभाडं वेगळं. तुम्हाला जमेल का?”

शेवटचा प्रश्न खरोखर प्रश्न असू द्या. त्याने नाही म्हटलं तर कारण खोदून विचारू नका, आणि ‘मग तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याला पाठवा’ असं तर लगेच मुळीच म्हणू नका.

तपासून पाहा: फोननंतर हेच सगळं एका निरोपात लिहून पाठवलं का? राग बदलला तर कळवलं का? पंचम वर्ज्य असलेल्या (प हा स्वर न लागणाऱ्या) मारवा-पूरियाला तंबोऱ्याची पहिली तार सहसा निषादात लावतात, मालकंसाला मध्यमात. त्यामुळे ऐन वेळी बदललेला राग मागे तंबोऱ्यावर बसणाऱ्या विद्यार्थिनीलाही अडचणीत टाकतो. तिला सगळ्यात शेवटी कळतं आणि बोलणी मात्र तीच खाते.

टप्पा २: एकाच दिवशी दोन गाणी असतील तर

आधी कोण, मागून कोण हे ठरलं की धाकट्याने थोरल्याला फोन करून विचारावं: “ताई, तुम्ही काय गाणार आहात?” मग तो राग आणि त्याच्या अगदी जवळचाही राग सोडून द्यावा. मागून मारवा होणार असेल तर आधी पूरिया किंवा सोहनी नको, कारण स्वर तेच लागतात आणि मागून गाणाऱ्याचं वातावरण आधीच वापरलं जातं.

आधी गाणाऱ्याने भैरवी गाऊ नये. भैरवी झाली की बैठक संपली, असा संकेत आहे. श्रोत्यांनी फर्माईश केली तरी हात जोडून सांगायचं, “भैरवी ताईंकडून ऐकूया.”

दिलेली वेळ पाळा. चाळीस मिनिटं दिली असतील तर अडतिसाव्या मिनिटाला द्रुत (जलद लयीतलं गाणं) आवरतं घ्या. मागच्या माणसाचा गळा, त्याचं वाद्य आणि त्याचं मन त्या वेळेच्या हिशोबाने तयार झालेलं असतं. समोर कितीही टाळ्या पडल्या तरी त्याच्या हक्काची वेळ तुम्ही खर्च करू शकत नाही.

टप्पा ३: तंबोरे लागेपर्यंत

विंगेमागच्या खोलीत या वेळी बोलणं कमीत कमी हवं. जवारी (तारेचा झंकार) जुळतेय का, तारेवरचा मणी सरकवून षड्ज नीट मिळतोय का, हे ऐकायला शांतता लागते. तिथे फोनवर बोलणं, दुसऱ्या सुरात गळा तापवणं, मोठ्याने हसणं यांनी लावणाऱ्याचा कान बिघडतो. गळा तापवायचा असेल तर त्याच सुरात, हलक्या आवाजात, नाहीतर बाहेर जाऊन.

दुसऱ्याच्या वाद्याला न विचारता हात लावू नका. तंबोऱ्याची खुंटी तर नाहीच. लावणाऱ्याला मदत हवी असेल असं वाटलं तर “मी ऐकू का?” एवढं विचारा. मांडलेलं वाद्य ओलांडू नका. चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करा, वाद्याच्या मालकासमोर करा.

तबला सुरात नाही असं वाटलं तर ‘उतरलाय तुमचा’ असं म्हणू नका. “दादा, एकदा तंबोऱ्याबरोबर षड्ज ऐकूया?” असं म्हटलं की तोच कान देतो, हातोडी उचलतो आणि पुडीच्या कडेची सोळा घरं फिरून ऐकतो. अनेकदा तबला बरोबरच असतो आणि तुमचा तंबोरा उतरलेला असतो. पहिल्या वाक्याने भांडण झालं असतं, दुसऱ्याने दोघांचंही काम होतं.

ध्वनिव्यवस्थेचंही तसंच. ‘तबला कमी करा’ हे माइकवरून, साउंडवाल्याकडे हात करून सांगितलं की सगळ्या सभागृहाला ऐकू जातं आणि वाजवणाऱ्याला आपल्यालाच गप्प केल्यासारखं होतं. पडदा उघडायच्या आधी एक आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा) वाजवून घ्या आणि सगळ्यांना विचारा: “तुम्हाला मॉनिटरमध्ये काय हवं? पेटीला गळा ऐकू येतोय का?” तंबोऱ्यावर ताई मागे बसल्या आहेत, त्यांनाही विचारा.

टप्पा ४: ओळख करून देताना

हा टप्पा छोटा आहे, पण इथे होणारी चूक वर्षानुवर्षं लक्षात राहते. निवेदकाकडे नावं लिहून द्या, आणि उच्चारही एकदा म्हणून घ्या. गाणाऱ्याच्या गुरूंची यादी पाच मिनिटं आणि ‘साथीला आहेत अमुक आणि तमुक’ हे एका श्वासात, असं होऊ देऊ नका. साथीदार कुणाकडे शिकले ते एका वाक्यात सांगायला लावा. ‘पेटीवाले’, ‘तबलेवाले’ असं मंचावरून म्हणू नका; ‘संवादिनीवर’, ‘तबल्यावर’ म्हणा. तंबोऱ्यावर बसलेल्यांची नावं वगळू नका. शंका असेल तर निवेदनाचा कागद स्वतः वाचून पाहा.

समोर ज्येष्ठ कलाकार बसले असतील तर गाणं सुरू करण्यापूर्वी त्यांच्याकडे पाहून नमस्कार करायचा, आज्ञा घ्यायची. त्यावर भाषण नको. आपल्या गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायची पद्धत आहे, ती सहज असू द्या. त्याचं प्रदर्शन झालं की त्यातला भाव जातो.

टप्पा ५: गाता गाता साथीदाराला दाद

मंचावरची दाद बहुतेक वेळा डोळ्यांनी आणि मानेने द्यायची असते. तबल्याने समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) जाणारी एखादी छोटी तिहाई (तीनदा वाजवायचा बोल) नेमकी बसवली तर त्याच्याकडे वळून पाहणं पुरेसं आहे. पेटीने तुमची जागा हुबेहूब परत न करता तिचा फक्त शेवट धरून ठेवला, तर डोळे मिटून क्षणभर थांबा. त्याला कळतं. तुम्ही ऐकताय, एवढंच त्याला हवं असतं.

प्रत्येक आवर्तनाला ‘क्या बात है’ म्हणणारे गायक आहेत. तिसऱ्यांदा म्हटलं की श्रोत्यांना कळतं की ही दाद त्यांच्याकडून टाळ्या काढण्यासाठी आहे, आणि साथीदाराला तर पहिल्याच वेळी कळलेलं असतं. ‘तबल्यासाठी एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या’ हे सांगणंही टाळा. मागून घेतलेल्या टाळ्यांनी चांगल्या वाजवणाऱ्याला संकोच होतो.

त्यापेक्षा त्याला जागा द्या. द्रुतमध्ये दोन-चार आवर्तनं मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) धरून ठेवा आणि तबल्याला वाजवू द्या. ती चालू असताना पाणी पिऊ नका, वही चाळू नका, तंबोरा लावायला मागे वळू नका. मांडीवर ताल धरा आणि त्याच्याकडे पाहा. श्रोते तुमच्या नजरेमागे जातात.

*साथीदार चुकला तर.* सम हुकली, ठेका घसरला, असं होतं. मांडीवर थाप मारून मात्रा मोजून दाखवणं, कपाळाला आठी घालून श्रोत्यांकडे पाहणं, हे दोन प्रकार सगळ्यात जास्त दुखावतात. विस्तार थांबवा, मुखडा स्पष्ट उच्चारात, बोल ठळक करून दोनदा घ्या, समेवर नीट या. अनुभवी साथीदार तेवढ्यावर सावरतो. चूक तुमची असेल, आणि ती बरेचदा असते, तर सावरून घेतल्यावर त्याच्याकडे पाहून मान लववा.

*मागे बसून स्वरसाथ करणाऱ्यांसाठी.* गुरू किंवा थोरली गायिका जागा सोडून देईल तेव्हाच गा. त्यांनी जिथपर्यंत राग उलगडला आहे तिथपर्यंतच जा. त्या अजून मध्य सप्तकाच्या गांधारावर आहेत आणि तुम्ही तार षड्ज लावलात, तर त्यांनी अर्धा तास जपून ठेवलेला क्षण तुम्ही खर्च केलात. तुमच्यासाठी मनमोकळी दाद म्हणजे त्यांनी दिलेली ओळ नीट धरून त्यांच्याच हाती परत देणं.

टप्पा ६: श्रोत्यांत बसून दाद देताना

कलाकार म्हणून तुम्ही समोर बसला असाल तर गाणारा तुमच्याकडे इतरांपेक्षा जास्त पाहतो. त्यामुळे तुमची दाद त्याला उचलून धरू शकते आणि अडवूही शकते.

विलंबित एकताल चालू आहे असं समजा. बारा मात्रा, पण लय इतकी संथ की एक आवर्तन पाऊण मिनिट चालतं. भूप आहे. गाणारी गांधारावर उभी आहे, स्वर हळूहळू पातळ होत चाललाय. समोरून कुणीतरी ‘वाहवा!’ म्हणतं. स्वर अजून संपलेला नव्हता, तिला त्यातून रिषभाला उतरायचं होतं. ते उतरणं आता त्या आवाजाखाली गेलं. तीच दाद थोडी थांबवा. दहावी मात्रा गेली, अकरावीला तिने मुखडा उचलला, ‘धी ना’ झालं आणि ‘धिं’वर सम पडली. त्यानंतरच्या श्वासाला हलकं ‘आहा’ निघालं, तर ते तिला पोचतं, तबल्यालाही पोचतं आणि पुढचं आवर्तन मोकळं राहतं.

क्रम असा ठेवा: आधी स्वर पुरा होऊ द्या, मग सम येऊ द्या, मग बोला. तिहाईतही तेच. तिसरा पल्ला पडायच्या आधी दिलेली दाद म्हणजे तुम्ही मोजून मोकळे झालात, ऐकलं नाहीत.

होणाऱ्या चुका:

- हात उंचावून ताल देणं. समोरच्या गाणाऱ्याची नजर त्या हातात अडकते. ताल धरायचा तर मांडीवर, बोटांनी.
- सोबत गुणगुणणं. गाणाऱ्याला मंद्र स्वर लावताना समोरून दुसरा आवाज ऐकू येतो.
- शेजाऱ्याला मोठ्याने रागाचं नाव सांगणं, किंवा ‘हा राग कुठला?’ विचारणं. अनवट (क्वचित ऐकू येणारा) राग असेल तर शांतपणे ऐका, मग बैठकीनंतर गाणाऱ्यालाच विचारा. तो आनंदाने सांगतो.
- दमसास आणि वेगवान तानेलाच दाद देणं. धाकटे गाणारे ते पाहतात आणि पुढच्या वेळी आलाप आखडता घेऊन तानांकडे धावतात. नुसत्या षड्जाला मान डोलावणारे कलाकार समोर असले की गाणं बदलतं.
- आलापीच्या मध्येच उठून जाणं. निघायचंच असेल तर विलंबित-द्रुत संपेपर्यंत थांबा, दोन चिजांच्या मध्ये वाकून बाहेर पडा. आपलं गाणं आधी झालं म्हणून पुढच्याचं ऐकायला न थांबणं, हा या क्षेत्रातला सगळ्यात मोठा उद्धटपणा आहे. खरंच गाडी पकडायची असेल तर त्याला आधी भेटून सांगून जा.

कोकणात डबलबारीच्या (दोन बुवांच्या सामन्याच्या) भजनात एकमेकांना टोमणे मारणं हा खेळाचाच भाग असतो, तो त्या बारीपुरता. ख्यालाच्या बैठकीत तो रिवाज आणू नका.

टप्पा ७: बैठकीनंतर, समोरासमोर

या टप्प्याची तयारी बैठक चालू असताना करायची असते. ऐकताना एक जागा मनात धरून ठेवा. एकच पुरते. मग बोलताना तीन गोष्टी सांगा: काय ऐकलं, कुठे ऐकलं, त्याने काय झालं.

भूपाचंच घ्या. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, पण भूपाचा जीव गांधारात आहे आणि देशकाराचा धैवतात. तेव्हा “भूप छान झाला” यापेक्षा “उत्तरांगात इतका वेळ होतात, पण धैवतावर रेंगाळला नाहीत, दर वेळी गांधारावर परत आलात, एकदाही देशकार डोकावला नाही” असं सांगितलं तर गाणाऱ्याला कळतं की आपण जे सांभाळत होतो ते समोर पोचलं. या एका वाक्याची किंमत शंभर ‘सुंदर’पेक्षा जास्त आहे.

साथीदाराला दाद देताना त्याच्या कामाची दाद द्या. लोक तबल्याच्या दोन मिनिटांच्या द्रुत वादनाबद्दल बोलतात आणि त्याने अर्धा तास जो ठेका धरला होता त्याबद्दल बोलत नाहीत. खरं कौशल्य त्या ठेक्यात आहे. म्हणा, “दादा, एवढ्या संथ लयीत मात्रांमधली जागा कुठेच रिकामी वाटली नाही, बायाची आस पुढच्या मात्रेपर्यंत टिकत होती.” पेटीबद्दल बोलायचं असेल तर न वाजवलेल्याचंही कौतुक करा. दरबारीतला आंदोलित गांधार पेटीच्या पट्टीतून निघत नाही. तिथे पेटी थांबवून गळ्याला मोकळं सोडणारी साथ फार समजूतदार असते. “त्या गांधारापाशी तुम्ही हात उचललात, ते फार आवडलं” हे ऐकायला पेटीवर बसलेला माणूस आसुसलेला असतो, कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाही. तंबोऱ्यावरच्या मुलीला सांगा की तिची बोटं तासाभरात एकदाही ठेक्यामागे धावली नाहीत, झंकार एकसारखा राहिला.

वय आणि नातं पाहून शब्द बदलतात. ज्येष्ठांना ‘छान गायलात’ असं म्हणू नये, त्यात परीक्षकाचा सूर येतो. “आनंद दिलात”, “आज खूप शिकायला मिळालं” आणि मग ती जागा. बरोबरीच्याला मोकळेपणाने सांगा. धाकट्याला ‘छान प्रयत्न’ कधीही म्हणू नका. त्याने प्रयत्न केलेला नसतो, तो गायलेला असतो. “छान गायलास, मुखडा दर वेळी वेगळ्या वाटेने आणलास” असं म्हणा आणि डोक्यावर हात ठेवा.

सावधान, हे टाळा:

‘अगदी किशोरीताई ऐकल्यासारखं वाटलं!’ म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण स्वतःची वाट शोधणाऱ्या गायिकेला त्याचा अर्थ असा लागतो की समोरच्याला आपलं गाणं ऐकूच आलं नाही. तिला तिच्याच गाण्याबद्दल सांगा.

एकाला वर चढवण्यासाठी दुसऱ्याला खाली ओढू नका: ‘सकाळच्यापेक्षा तुमचं कितीतरी छान.’ सकाळचे गायक दाराशीच उभे असतात. घराण्यांची तुलनाही नको. किराण्याच्या गाण्यात स्वराचा लगाव ऐकावा, आग्र्याच्या गाण्यात बोलांचा आणि लयीचा खेळ. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजलं की दोन्हीकडे अन्याय होतो.

बाईंच्या गाण्याबद्दल बोलताना आधी साडीचं कौतुक नको. ‘मुलगी असून तबला काय वाजवते!’ हे कौतुक नाही. तिला हाताबद्दल, बोलांच्या निकासाबद्दल (बोल किती स्वच्छ निघतात त्याबद्दल) सांगा.

‘पण’ टाळा. ‘सुंदर झालं, पण तार सप्तकात जरा…’ एवढं म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. सुधारणेची गोष्ट पुढच्या टप्प्यात आहे.

*आवडलं नाही तर?* खोटं बोलू नका. खोटी दाद गाणाऱ्याला ओळखता येते, आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या दादीवरही त्याचा विश्वास बसत नाही. काहीतरी खरं शोधा: रागाची निवड, बंदिशीचे शब्द स्पष्ट होते, तंबोरे सुरेल लागले होते, घशाचा त्रास असून बैठक पुरी केली. काहीच सापडलं नाही तर “ऐकायला आलो होतो, भेटून बरं वाटलं” एवढं म्हणून नमस्कार करा. तेही खरंच असतं.

भेटायची वेळही महत्त्वाची. पडदा पडताच मंचावर धाव घेऊ नका. वाद्यं गवसणीत जाऊ द्या, पाणी पिऊन होऊ द्या. गाणाऱ्याभोवती गर्दी असेल तर आधी साथीदारांकडे जा. त्यांच्याकडे बहुधा कुणीच गेलेलं नसतं.

टप्पा ८: दाद स्वीकारताना

कुणी मनापासून काही सांगत असेल तर ‘छे हो, आज गळाच लागला नव्हता’ असं म्हणू नका. त्यात सांगणाऱ्याच्या कानाचा अपमान होतो. पूर्ण ऐका, नमस्कार करा, “गुरूंची कृपा” किंवा नुसतं “आभारी आहे” म्हणा. सोबत साथीदार उभा असेल तर त्याला पुढे ओढा, पण नेमकं सांगून: “त्या लयीत दादांनी धरून ठेवलं म्हणून ते करता आलं.”

दाद देणाऱ्याला लगेच उलटी दाद देऊ नका. ‘तुमचंही परवाचं गाणं अप्रतिम’ असं झालं की दोन्ही दादी फुकट जातात. ती नंतर फोन करून द्या.

टप्पा ९: त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी

बिदागीचं पाकीट त्याच दिवशी, निघण्यापूर्वी, बाजूला घेऊन, ठरलेली पूर्ण रक्कम घालून द्या. ‘मंडळाचे खजिनदार आले नाहीत, पुढच्या आठवड्यात बघतो’ असं होत असेल तर स्वतःच्या खिशातून द्या आणि तुम्ही नंतर घ्या. रात्र झाली असेल तर साथीदार घरी कसा जाणार ते विचारा. तबल्याची जोडी आणि पेटी घेऊन बस पकडणं सोपं नसतं.

फेसबुकवर किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो टाकताना साथीदारांना कापू नका आणि सगळ्यांची नावं लिहा. ध्वनिमुद्रण टाकण्यापूर्वी मंचावरच्या प्रत्येकाला विचारा. एखाद्याला आपला त्या दिवशीचा हात पटलेला नसतो आणि त्याला नाही म्हणायचा हक्क आहे.

सुधारणेची गोष्ट सांगायची असेल तर विचारल्याशिवाय सांगू नका. विचारलं तरी त्या रात्री नको. गाणाऱ्याच्या कानात अजून बैठक चालू असते. दोन-तीन दिवसांनी, एकट्याला, फोनवर सांगा, आणि एकच गोष्ट सांगा. “पूरियात रिषभ कधी कधी थोडा चढा वाटला, रेकॉर्डिंग ऐकून बघ” एवढं पुरे. त्याने ऐकून ‘मला तसं वाटत नाही’ म्हटलं तर विषय तिथे संपवा. तुम्ही त्याचे गुरू असाल तर गोष्ट वेगळी, पण गुरूंनीही हे इतर शिष्यांसमोर सांगू नये.

एखादी बंदीश आवडली आणि हवी असेल तर ध्वनिमुद्रणावरून गुपचूप उतरवून घेऊ नका. मागा. “ती द्रुत बंदीश मनात राहिली, शिकवाल का? गायली तर चालेल का?” असं विचारा. काही बंदिशी गुरूंनी दिलेल्या असतात आणि पुढे द्यायला त्यांची परवानगी लागते, तेव्हा नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. मिळाली तर समोर बसून, तिचे शब्द आणि उठाव नीट समजून घेऊन शिका. बैठकीत गाल तेव्हा रचना कुणाची आणि तुम्हाला कुणाकडून मिळाली हे गाण्याआधी सांगा, आणि त्या दिवसाचं रेकॉर्डिंग ज्यांनी दिली त्यांना आधी पाठवा.